मल्लविद्येतील अंगमर्दन : ग्रंथ आणि तालीम

प्रस्तावना

खेळाडूच्या स्नायूंवरील ताण हलका करण्यासाठी केले जाणारे मर्दन हा आज क्रीडावैद्यकाचा भाग मानला जातो. कुस्तीच्या इतिहासलेखनात राजाश्रय, मैदाने आणि विजेते यांची नोंद होते. अंग रगडणाऱ्या हातांची मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित अंगाचा थोडक्यात विचार केला आहे.

ग्रंथपरंपरा

सुश्रुतसंहिता आणि वाग्भटाचे अष्टांगहृदय या दोन्ही ग्रंथांत व्यायामानंतर सर्वांगाचे सुखकर मर्दन करण्यास सांगितले आहे. मर्दन हे केवळ रोगोपचार नसून दिनचर्येचा भाग होते, हे यावरून स्पष्ट होते. कामसूत्रातील चौसष्ट कलांतही संवाहनकौशल्याचा समावेश आहे. मात्र कलेचा मान आणि कलावंताचा मान एकच नव्हता. शूद्रकाच्या मृच्छकटिकातील संवाहक कला म्हणून शिकलेली विद्या पुढे पोटासाठी वापरतो, चारुदत्ताच्या पदरी सेवक म्हणून राहतो आणि अखेर भिक्षू होतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६ ते ११३८) याच्या मानसोल्लासात मल्लविनोदाचे आणि राजाच्या अभ्यंगाचेही वर्णन आहे. तेथेही मर्दन करणारा सेवकच आहे.

तालीमपरंपरा

राजर्षी शाहू महाराजांच्या (कारकीर्द १८९४ ते १९२२) आश्रयाने कोल्हापुरात कुस्ती बहरली. खासबाग मैदान १९१२ मध्ये साकारले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींच्या शिस्तीत जोर, बैठका आणि लढतींइतकेच मालिशलाही स्थान मिळाले. ‘मालिश’ हा शब्द फारसी, तर ‘मर्दन’ संस्कृत. तालमीत मात्र ‘अंग रगडणे’ हा साधा मराठी प्रयोग रुळला. येथे मर्दन करणारा वेगळा सेवक नसतो. पहिलवानच पहिलवानाचे अंग रगडतो, धाकटा वस्तादांची सेवा करतो. रगडणाऱ्याच्या पंजाला, मनगटाला आणि खांद्यालाही त्यातून मेहनत घडते. दरबारातील एकतर्फी सेवा तालमीत अशी परस्परांची झाली, हा बदल सामाजिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे.

आधुनिक कसोटी

मालिशमुळे स्नायूंतील लॅक्टिक आम्ल निघून जाते, ही लोकप्रिय समजूत टिकत नाही. ते विश्रांतीनेही तासाभरात ओसरते. २९ अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या २०२० मधील एका संशोधनात मालिशने ताकद, वेग किंवा दमश्वास वाढल्याचा पुरावा आढळला नाही. लवचिकता आणि व्यायामोत्तर अंगदुखी यांत मात्र अल्प, पण निश्चित लाभ दिसला. अंगदुखी हलकी होते, हा तालमीचा अनुभव त्यामुळे खोटा ठरत नाही. त्यामागची कारणमीमांसा तेवढी बदलते.

समारोप

ग्रंथांनी मर्दनाचा विधी जपला, तर तालमीने ते हातोहात पुढे नेले. हे दुसरे ज्ञान लिहिले गेले नाही. वस्तादांबरोबर ते लोपू शकते. म्हणून वयोवृद्ध मल्लांच्या मौखिक आठवणींचे संकलन करणे हे या भागातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि शारीरिक शिक्षण विभागांचे संयुक्त कार्य ठरावे.