मादीचे आरसे आणि शेजारची सावली

सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांचा इतिहास लिहिणारे आरशांच्या आकाराविषयी आणि बाष्पाच्या दाबाविषयी विस्ताराने लिहितात. परंतु एका आरशाशेजारी दुसरा आरसा उभा राहिला म्हणजे सावलीचा जो प्रश्न उत्पन्न होतो, त्याची दखल क्वचितच घेतली जाते, आणि माझ्या मते या विद्येचे मर्म तेथेच आहे.

१८७८ च्या सुमारास मुंबई हायकोर्टाचे डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम ॲडम्स यांनी कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात सपाट आरशांची एक मोठी चौकट उभारून तिच्या तेजावर अडीच अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र चालविले. ही चौकट अर्धवर्तुळाकार रुळावरून मजुराने दिवसातून तीन-चार वेळा सरकवली की काम भागत असे. चौकट एकच असल्यामुळे एका रांगेची सावली दुसरीवर पडण्याचा प्रश्नच तेथे उद्भवला नाही.

तो उद्भवला इजिप्तमध्ये. कैरोच्या दक्षिणेस, नाईलकाठच्या मादी या गावी, अमेरिकन संशोधक फ्रँक शूमन यांनी १९१२-१३ मध्ये शेतीला पाणी उपसून देणारा सौर कारखाना उभा केला. प्रथम बसविलेली जस्ताची बाष्पपात्रे उन्हाच्या तापाने निकामी झाली, म्हणून पुढे बिडाची घालावी लागली; त्यानंतर मात्र यंत्राने ५० हून अधिक अश्वशक्ती दिली. अन्वस्ताकार आरशांच्या पाच पन्हळी, प्रत्येक २०४ फूट लांब व १३ फूट रुंद, उत्तर-दक्षिण मांडलेल्या असून पूर्वेकडून पश्चिमेकडे आपोआप वळत. आणि दोन पन्हळींमध्ये, मध्यापासून मध्यापर्यंत, २५ फुटांचे अंतर होते.

या २५ फुटांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. सूर्याला सन्मुख असलेल्या पन्हळीची सावली शेजारणीवर कधी पडू लागते, हे रुंदी व अंतर यांच्या गुणोत्तरावरून ठरते. त्याप्रमाणे पूर्व-पश्चिम पातळीत मोजलेली सूर्याची उंची ३१ अंशांखाली असेतोवर मादीची सावली टळत नसे, म्हणजे विषुवदिनाच्या आसपास सूर्योदयानंतरचे सुमारे सव्वादोन तास पूर्वेकडची पहिली पन्हळ तेवढी पूर्ण उजेडात राही आणि उरलेल्या चारांना अर्धवट ऊन मिळे. ही मर्यादा १५ अंशांवर आणावयाची तर अंतर ५० फूट ठेवावे लागले असते, आणि मग जमीनही दुप्पट लागती, वाफेच्या नळाची लांबी वाढती व त्या लांबीत उष्णताही वाया जाती. शूमन यांनी काढलेली तडजोड म्हणूनच मला मोठी शहाणपणाची वाटते. १९१४ च्या महायुद्धाने तो कारखाना बंद पडला आणि १९१८ साली शूमन निवर्तले.

पुढे प्रकाशापासून थेट वीज करणाऱ्या सपाट पट्ट्या आल्या आणि सावलीचे स्वरूप बदलले. पन्हळीचा चौथा हिस्सा झाकला तर साधारण चौथा हिस्साच उष्णता कमी होते. परंतु पट्टीतील घट एकामागून एक जोडलेले असल्यामुळे थोड्याशा सावलीनेही प्रवाह अडतो आणि नुकसान सावलीच्या प्रमाणाबाहेर जाते. १९९० च्या दशकाच्या आरंभी अभियंत्यांनी यावर जी तजवीज मांडली, ती बॅकट्रॅकिंग या नावाने प्रसिद्ध आहे: सकाळी पट्टीने सूर्याला सन्मुख होण्याचा हट्ट न धरता आडवे पडून राहावे, सूर्य वर चढू लागला की उलट पूर्वेकडे कलत जावे, मात्र इतकेच की आपल्या सावलीची कड शेजारणीच्या कडेला केवळ स्पर्श करील, आणि खरा कोन गाठला की मग सूर्यामागे पश्चिमेस निघावे. संध्याकाळी हाच क्रम उलटा. यात मिळणाऱ्या प्रकाशाची एकूण बेरीज वाढत नाही, कारण तेवढ्या जमिनीवर येणारे थेट ऊन दोन्ही रीतींनी सारखेच पकडले जाते. बदलते ती वाटणी, आणि वीज त्या समान वाटणीवरच अवलंबून असते. शूमन यांच्या पन्हळीला हा मार्ग उपलब्ध नव्हता, कारण अन्वस्त सूर्यापासून किंचित ढळला की किरण बाष्पपात्र सोडून जातात.

ही सारी गणिते सपाट भूमी गृहीत धरतात. जेथे उतार आहे, तेथे वरच्या रांगेची सावली खालच्या रांगेवर अधिक लांब पडते, आणि म्हणून आता एकाच क्षेत्रातील रांगांचे कोनही वेगवेगळे काढावे लागतात.