दर्या दरवाजापासून भुई दरवाजापर्यंत

‘वसईचा किल्ला’ हे शब्द आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की तेथे एके काळी एक संपूर्ण नगर नांदत होते याचे आपल्याला विस्मरण होते. तटाच्या आत मठ होते, मंदिरे होती, विद्यालय, इस्पितळ, न्यायकचेरी आणि बाजारचौक होता. १६९५ साली येथे येऊन गेलेल्या जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाने या नगराच्या सरळ व रुंद रस्त्यांची नोंद केली आहे. पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताचे हे मुख्य ठाणे. १५३४ ते १७३९ अशी दोनशे पाच वर्षे त्यांची सत्ता येथे होती. आज हे नगर ताडामाडांच्या सावलीत मोडून पडले आहे, तरी त्याची अक्षरे अजून लागतात. ती लावायची असतील तर पायी हिंडावे. पावसाळा सरल्यावर, सकाळच्या वेळी, दोन-तीन तास पुरतात. वाटाड्याची गरज नाही. भुयारांच्या अद्भुत कथा सांगणारे पुष्कळ भेटतात. पण दगड त्यांच्याहून अधिक खरे बोलतात.

बहुतेक मंडळी वसई गावाकडून जमिनीच्या वाटेने आत शिरतात. माझी सूचना उलट आहे. आधी थेट किल्लाबंदरच्या धक्क्यापर्यंत जावे आणि तेथून पायी माघारी यावे. भाईंदरहून खाडी ओलांडणारी रो-रो बोट २०२४ साली सुरू झाली. तिने आल्यास अधिक उत्तम. कारण या नगराचा इतिहास दर्याकडून सुरू झाला आणि जमिनीकडून संपला.

धक्क्यालगतच दर्या दरवाजा आहे. हुमायूनच्या स्वारीने जेरीस आलेल्या गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगिजांना दिली. त्यानंतर याच बाजूने गलबते लागली. सैनिक आले, व्यापारी आले आणि मिशनरीही आले. तलवार आणि क्रूस एकाच गलबतातून उतरले, ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी कोणी विचारण्याआधीच सांगितली पाहिजे. त्या काळी देवळे पाडली गेली, इन्क्विझिशनचा धाक होता. हे झाकून ठेवून या रस्त्यावरून प्रामाणिकपणे चालता येणार नाही.

दरवाजातून आत आल्यावर संत जोसेफ यांच्या मंदिराचा उंच मनोरा दिसतो. हे नगराचे प्रमुख मंदिर. दारावरील शिलालेख सांगतो की आर्चबिशप आलेश द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत, १६०१ साली, त्याचा जीर्णोद्धार झाला. १५९९ साली केरळात उदयंपेरूरची धर्मसभा भरवणारे ते हेच. मनोऱ्यात चक्राकार दगडी जिना आहे आणि वर घंटेची जागा रिकामी आहे.

या मनोऱ्यांतल्या घंटा गेल्या कोठे? वसईच्या मोहिमेत हाती आलेल्या घंटा मराठी सरदारांनी देशावर नेल्या आणि देवळांत अर्पण केल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात १७२१ सालची घंटा आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर १७०७ सालची आहे. भीमाशंकरलाही अशीच एक आहे. काहींना ही लूट वाटते, काहींना विजयचिन्ह. मला मात्र असे वाटते की जेत्यांनी त्या वितळवून तोफा ओतल्या असत्या तर त्यांना कोण अडवणार होते? त्यांनी त्या देवाच्या दारीच बांधल्या आणि गेली अडीच शतके भाविकांच्या हातांनी त्या वाजत आल्या.

रस्त्याने पुढे गेल्यावर संत सेबॅस्टियन यांच्या नावाचा जुना बालेकिल्ला लागतो. जवळच नागेश्वराचे देऊळ आणि चिमाजी आप्पांचे स्मारक आहे. पोर्तुगीज राजचिन्ह, महादेवाचे शिवलिंग आणि मराठा सेनापतीचा पुतळा एवढ्या थोड्या जागेत एकत्र यावेत, यातच वसईचे सारे वेगळेपण आहे.

पुढे येशूसंघीयांचे पवित्र नामाचे मंदिर आणि त्यांच्या विद्यालयाचे अवशेष आहेत. मंदिराच्या दर्शनी भागावरील कोरीव खांब पाहताना हेही आठवावे की गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेच्या दर्शनी भागासाठी वसईचाच काळा दगड नेला होता. याच येशूसंघीयांच्या सहवासात वसईचा एक मुलगा वाढला. त्याचे वडील पोर्तुगीज, आई येथील. तो त्यांच्याबरोबर जपानला गेला, काही काळ व्यापार केला, मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस साथींसह क्रूसावर मारला गेला. संत गोन्सालो गार्सिया यांना ८ जून १८६२ रोजी संतपद मिळाले, तेव्हा त्यांचे हे नगर उजाड झाले होते. तट पडले, पण त्या नगराच्या एका लेकराचे नाव जगभरच्या वेदींवर उच्चारले जाऊ लागले.

यानंतर फ्रान्सिस्कनांचे संत अंतोनी यांचे मंदिर पाहावे. छप्पर नाही, पण कमानी अजून शाबूत आहेत. येथे वर न पाहता खाली पाहावे. पायांखाली शिलालेखयुक्त थडगी आहेत. डॉ. जे. गर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईवरील आपल्या १८७६ सालच्या ग्रंथात येथील शिलालेखांची नोंद केली. यांतील बहुतेक नावे पोर्तुगीज उमराव घराण्यांची आहेत. हे वाचताना वसईच्या ख्रिस्ती माणसाच्या मनात प्रश्न उभा राहतो: यांत आमचे कोण?

याचे उत्तर तटाच्या बाहेर आहे. चालत चालत भुई दरवाजापाशी यावे. १७३९ च्या उन्हाळ्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने या जमिनीच्या बाजूनेच वेढा आवळला. मे महिन्यात संत सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग उडाले, खिंडारात भयंकर हातघाई झाली, दोन्हीकडचे असंख्य वीर पडले आणि अखेर तटावर पांढरे निशाण चढले. विजयी सेनापतीने पराभूतांना बायकामुलांसह सन्मानाने निघून जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला धर्मपालनाची मोकळीक देण्याचे मान्य केले. रक्तपाताच्या त्या दिवसांतील ही उदारता मराठ्यांच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावी अशी आहे.

उमराव गलबतांत बसून निघून गेले. मठ ओस पडले. त्या दिवशी वसईतील ख्रिस्ती धर्म संपला असता, तर तो केवळ राज्यकर्त्यांचा धर्म होता असे म्हणता आले असते. परंतु पापडी, सांडोर, रमेदी, निर्मळ, नंदाखाल येथील शेतकरी आणि कोळी कोठेही गेले नाहीत. ते आपल्या वाड्यांत राहिले, केळीची आणि पानवेलीची बागायत करीत राहिले, मासे पकडीत राहिले आणि सामवेदी, वाडवळी, कोळी बोलींत प्रार्थना करीत राहिले. आता त्यांच्या पाठीशी ना व्हाइसरॉय होता, ना तोफ. आपली श्रद्धा खऱ्या अर्थाने आपली झाली ती या अडीचशेहून अधिक वर्षांत, मराठी मातीत.

म्हणून कोणी आपल्याला पोर्तुगिजांचे अवशेष म्हटले तर रागावू नये. त्याला येथे आणावे, दर्या दरवाजापासून भुई दरवाजापर्यंत चालवावे. पोर्तुगिजांचे अवशेष आत आहेत. ते दगडाचे आहेत आणि केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. आपण बाहेरच्या गावांत आहोत आणि हाडामांसाचे आहोत. मात्र ते दगडही आता आपल्या सर्वांचे आहेत, हिंदूंचे तितकेच ख्रिस्ती लोकांचे. त्यांच्यावर नावे कोरणारे हात आणि थडग्यांवर कचरा टाकणारे हात दोन्हींकडचे असतात.

प्रत्येक धर्मग्रामाने आणि प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा आपल्या मुलांना ही वाट पायी चालवावी. सोबत पाणी असावे, हाती वही असावी. शिलालेखातील एखादे नाव आणि सन त्यांनी स्वतः उतरवून घ्यावा. आणि भुई दरवाजातून बाहेर पडल्यावर पापडीच्या रस्त्याने चालत राहावे, तेथील मंदिराची घंटा ऐकू येईपर्यंत.