दुसऱ्या हाताची वही

सात रस्त्यावर नवख्या माणसाने वाट विचारली तर सांगणाऱ्यालाही क्षणभर थांबावे लागते. करासमोर उभ्या असलेल्या धंदेवाल्याची स्थिती काहीशी अशीच. कर भरावा, ही एक वाट. माल लपवून बुडवावा, ही दुसरी. तिला करचुकवेगिरी म्हणतात. कायद्यातलीच फट शोधून त्यातून निसटावे, ही तिसरी; ती करटाळणी. दुसऱ्या वाटेवर पोलीस भेटतो, तिसऱ्या वाटेवर वकील. आम्ही अर्थशास्त्राचे पदवीधर नव्हे. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, सभा आटोपल्यावर. तेव्हा या विषयाकडे आम्ही पाहणार ते कामगाराच्या उंबरठ्यावरूनच.

1950 नंतरच्या दशकात पाचांहून कमी यंत्रमाग असलेल्यास कापडावरील अबकारी करातून सूट होती. गिरणीपुढे लहान विणकर टिकावा, हा हेतू. हेतूला कोण नावे ठेवील? पण यंत्रमागांच्या गावोगावी मोठ्या शेडांचे चार-चार मागांचे तुकडे पडले. एक स्वतःच्या नावे, एक बायकोच्या, एक मेव्हण्याच्या. छप्पर एकच, धोटे तेच, मालक मात्र कागदावर पाच-सहा. तोट्यात आला तो मागावरचा माणूस. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार भरले की 1948 चा कारखाना कायदा लागू होई. तुकड्यात दहा भरतीलच कशाला?

बिडीचे गणित याहून बोलके आहे. जीएसटी येण्यापूर्वी वर्षाला वीस लाखांपर्यंत हातबिडी काढणाऱ्या कारखानदाराला अबकारी माफ असे. सराईत हाताची बाई दिवसाला हजार बिड्या वळते. वर्षाचे तीनशे दिवस धरा. एकीच्या तीन लाख झाल्या. सात बायकांच्या एकवीस लाख. म्हणजे सातवी बाई पानतंबाखू घेऊन घरी गेली की माफीची रेघ ओलांडली! मग आमच्या पूर्व भागात घरोघर सुपे मांडून बसलेल्या हजारो बायकांतल्या कितीकांचा माल या रेघेच्या आत बसवला गेला असेल, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा.

हा केवळ सरकारच्या तिजोरीचा प्रश्न असता तर आम्ही येथे बोलायला उभे राहिलो नसतो. 1976 साली बिडी कामगार कल्याण उपकराचा कायदा झाला. तयार बिडीवर दर हजारी उपकर बसे आणि त्यातून दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, घराला मदत. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने घरी बसून बिडी वळणारी बाईही भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्यात कामगारच, असा निर्णय दिला. पण हे सारे मिळायचे ते वहीत चढलेल्या बिडीवर आणि रजिस्टरात असलेल्या नावावर. 2006 साली कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत बिडी कामगार स्त्रियांच्या हाती आली, तेव्हा ओळखपत्राचे मोल शहराला कळले. ज्यांचे नाव कोठेच नव्हते त्या दुरून पाहत राहिल्या.

विद्वानांनी या चोरीचा पुष्कळ विचार केला आहे. प्रा. काल्डोर यांनी 1956 साली आपल्या करपद्धतीवर अहवाल दिला. 1971 साली वांछू समितीने 1968-69 या एका वर्षात लपवलेले उत्पन्न 1,400 कोटी रुपयांच्या घरात धरले. पुढे 1972 साली अॅलिंगहॅम व सँडमो या दोघांनी कर बुडवणे हा एक जुगार मानून त्याचे गणित मांडले: पकडले जाण्याचा संभव किती, दंड किती. आम्हांस हे गणित अपुरे वाटे. सोलापुरात काय सगळे नोकरदार साधू आणि सगळे दुकानदार लबाड? तसे कसे असेल! उत्तर मिळाले ते डेन्मार्कमधून. चाळीस हजारांहून अधिक करदात्यांची तेथे तपासणी झाली व 2011 साली निष्कर्ष छापले गेले. ज्या उत्पन्नाची खबर मालक किंवा बँक परस्पर सरकारला देते तेथे चोरी जवळजवळ नाही; जे उत्पन्न माणूस स्वतःच सांगतो तेथे ती भरपूर. तेव्हा स्वभावाहून मोठी गोष्ट ही की, दुसऱ्या कोणाच्या हातात वही आहे का?

बिडीत ही दुसरी वही बाईच्या हातात असायला हवी होती. आम्ही मात्र कित्येक वर्षे हजारी मजुरीचा दर वाढवण्यातच गुंतलो. वहीकडे उशिरा वळलो. ही आमची चूक होय.

एकदा एका अक्कांच्या घरी आठवड्याचा हिशेब पाहिला. त्यांना लिहिता येत नव्हते, पण चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढलेल्या होत्या, शंभर बिड्यांना एक रेघ. आम्ही मोजल्या, चौपन्न भरल्या. ब्रँचच्या पुस्तकात त्याच आठवड्याच्या बिड्या होत्या तीन हजार, आणि खाली त्यांचा अंगठा.

"अक्का, बाकीच्या चोवीसशेचे पैसे?"

"मिळाले की हातात, पुरे मिळाले. तुम्ही भांडू नका बाबा, उद्या पान बंद करतील."

फंड कापला गेला तो तीन हजारांवर. त्या वर्षी दिवाळीला अक्कांनी घर सारवले, भिंतीला चुना दिला आणि रेघा गेल्या.