बीड जिल्ह्यातील सुईण आणि शासकीय प्रमाणपत्र : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भारतात सुइणींच्या प्रशिक्षणाचा संघटित प्रयत्न १९०३ मधील व्हिक्टोरिया स्मृती शिष्यवृत्ती निधीपासून दिसतो. बीड जिल्हा मात्र १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता व १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला. पुढे महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये परिचारिका व प्रसाविकांच्या नोंदणीची व्यवस्था झाली. परंपरागत सुईण तिच्या बाहेरच राहिली.

१९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेने तिची दखल घेतली. हजार लोकवस्तीमागे एक प्रशिक्षित दाई, ३० दिवसांचे प्रशिक्षण, ३०० रुपये विद्यावेतन, शेवटी प्रसूती-संच व प्रमाणपत्र, असे योजनेचे स्वरूप होते. या प्रशिक्षणाने स्वच्छ प्रसूतीचे ज्ञान दिले. नोंदणीकृत प्रसाविकेचा दर्जा दिला नाही. शिवाय योजनेने स्थिर गाव गृहीत धरले होते. बीडमधील ऊसतोड कुटुंबे मात्र वर्षातील सुमारे सहा महिने गावाबाहेर, कारखान्यांच्या परिसरातील कोपींत राहतात. तेथे गावची प्रमाणित दाई पोहोचणे कठीणच होते.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजनेने संस्थात्मक प्रसूतीवर भर दिला आणि दाईचे स्थान दुय्यम झाले. तात्पर्य, शासनाने सुइणीची सेवा स्वीकारली, तिला व्यवसायाचा अधिकार मात्र दिला नाही. आणि स्थलांतरित मातेचा प्रश्न गावाशी बांधलेल्या प्रमाणपत्राने सुटणारा नव्हता.