हाराजुकूचा रस्ता आणि चाहत्यांचा पोशाख : एक ऐतिहासिक अभ्यास (इ.स. १९७७ ते २०१७)

प्रस्तावना :
वेशभूषेचा इतिहास प्रामुख्याने राजदरबार, वस्त्रोद्योग आणि नामवंत वस्त्रकार यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. ज्यांनी कपडा विकत घेतला, उसवला, पुन्हा शिवला आणि हौसेने अंगावर मिरवला, त्या सामान्य तरुण-तरुणींची नोंद त्यात क्वचितच आढळते. टोकियो शहरातील हाराजुकू हा परिसर या बाबतीत अपवाद ठरतो. येथील पोशाखाची ख्याती कोणा एका वस्त्रकारामुळे झाली नाही. ती रविवारी रस्त्यावर जमणाऱ्या चाहत्यांनी निर्माण केली. ही हौस कोणत्या परिस्थितीत फुलली आणि पुढे ती का ओसरली, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

परिसराची पूर्वपीठिका :
हाराजुकू रेल्वे स्थानक १९०६ मध्ये सुरू झाले आणि १९२० मध्ये शेजारीच मेइजी देवस्थानाची स्थापना झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर योयोगी येथील लष्करी कवायतीच्या मैदानावर अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांसाठी वसाहत उभारण्यात आली. या कुटुंबांच्या गरजा भागविणारी दुकाने परिसरात निघाली आणि परदेशी वस्तूंचे आकर्षण येथे रुजले. १९६४ च्या ऑलिम्पिक स्पर्धेच्या वेळी ही जागा क्रीडाग्रामासाठी वापरली गेली आणि १९६७ मध्ये तेथे योयोगी उद्यान खुले झाले. पुढे ‘आन आन’ (१९७०) आणि ‘नॉन-नो’ (१९७१) या स्त्रियांच्या नियतकालिकांनी हाराजुकूचे नाव देशभरातील तरुणींपर्यंत पोहोचविले. १९७८ मध्ये ‘लाफोरे’ हे अनेक मजली विक्री संकुल सुरू झाले.

रविवारचा मोकळा रस्ता :
या इतिहासातील निर्णायक घटना मात्र दुकानाची नसून रस्त्याची आहे. १९७७ पासून येथील रस्ता रविवारी वाहनांसाठी बंद ठेवण्यात येऊ लागला. अशा रस्त्यास जपानी भाषेत ‘पादचाऱ्यांचा स्वर्ग’ म्हणतात. १९८० च्या सुमारास ‘ताकेनोको-झोकू’ या नावाने ओळखले जाणारे तरुण येथे टेपरेकॉर्डर लावून समूहाने नृत्य करीत. ताकेनोको म्हणजे बांबूचा कोंब. ताकेशिता गल्लीतील ज्या दुकानातून ते आपले भडक रंगांचे घोळदार कपडे घेत, त्या दुकानाचे हे नाव होते. त्यांच्यानंतर हौशी वाद्यवृंदांनी हा रस्ता गाजविला. येथे उभे राहण्यास तिकीट लागत नव्हते आणि काही विकत घेण्याची सक्तीही नव्हती. आठवडाभर शाळेचा गणवेश घालणाऱ्या मुलीला एक दिवस आपल्या मनाप्रमाणे दिसण्याची मुभा या रस्त्याने दिली.

‘फ्रूट्स’ : एक ऐतिहासिक साधन :
१९९० च्या दशकाच्या आरंभी जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला. परंतु रस्त्यावरील पोशाखाचा बहर याच दशकातला आहे, हे लक्षणीय आहे. छायाचित्रकार शोइची आओकी यांनी १९८५ पासून ‘स्ट्रीट’ या नियतकालिकातून परदेशांतील शहरांचा पोशाख जपानी वाचकांना दाखविला होता. १९९७ मध्ये त्यांनी ‘फ्रूट्स’ सुरू करून कॅमेरा हाराजुकूकडे वळविला. रस्त्यावर उभ्या असलेल्या व्यक्तीचे नखशिखान्त छायाचित्र आणि सोबत तिचे वय, व्यवसाय व प्रत्येक कपड्याचा उगम, अशी त्याची मांडणी होती.

इतिहासाच्या अभ्यासकास ही छोटी टिपणे अत्यंत मोलाची आहेत. एकाच व्यक्तीच्या अंगावर नामांकित कंपनीचा कोट, जुन्या कपड्यांच्या दुकानातला घागरा आणि घरी शिवलेली पिशवी अशा नोंदी त्यांत आढळतात. खरेदी हा या हौसेचा एक भाग होता. निवड, जुळवणी आणि शिवणकाम हा दुसरा. २००१ मध्ये निघालेल्या ‘गॉथिक अँड लोलिता बायबल’ या नियतकालिकात झालरींच्या पोशाखाच्या छायाचित्रांबरोबर कपडे बेतण्याचे नमुनेही दिले जात. नोवाला ताकेमोतो यांच्या ‘शिमोत्सुमा मोनोगातारी’ (२००२) या कादंबरीची नायिका खेड्यातून रेल्वेने टोकियोला आवडत्या दुकानी जाते, पण ती भरतकामातही निपुण आहे. चाहता केवळ ग्राहक नसतो, तो कारागीरही असतो, हे यावरून स्पष्ट होते.

अर्थात या हौसेचे अतिरिक्त गौरवीकरण करणे योग्य नव्हे. झालरींचा नामांकित पोशाख बराच महाग असे. १९९३ मध्ये निगो आणि जुन ताकाहाशी यांनी मागील गल्ल्यांत ‘नोव्हेअर’ हे दुकान काढले. तेथून पुढे आलेल्या प्रवाहात मोजक्याच प्रती काढून मागणी वाढविण्याचे तंत्र रूढ झाले. तेथे रांगेत उभे राहणे हीच प्रतिष्ठा ठरली.

ऱ्हासाची कारणे :
१९९८ मध्ये रविवारचा मोकळा रस्ता बंद करण्यात आला. गर्दी, गोंगाट आणि वाहतुकीची कोंडी ही त्यामागील कारणे होती. त्याच वर्षी ‘युनिक्लो’ या स्वस्त कपड्यांच्या कंपनीने हाराजुकूत दुकान उघडले. या दोन घटनांचा परस्परसंबंध नसला तरी त्यांतून बदलाची दिशा कळते. चाहते पदपथांवर आणि देवस्थानाजवळील पुलावर जमत राहिले. मात्र जागा आक्रसली. २००८ मध्ये ‘एच अँड एम’चे दुकान येथे आले. पुढे भ्रमणध्वनी व समाजमाध्यमांमुळे आपला पोशाख दाखविण्यासाठी रस्त्यावर येण्याची गरजही कमी झाली.

याच काळात शासनाने या हौसेची दखल घेतली. २००९ मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने तीन तरुणींना ‘कावाई’, म्हणजे गोंडस, पोशाखाच्या प्रचारदूत म्हणून नेमले. त्यांतील एक झालरींच्या पोशाखाची, एक शालेय गणवेशाच्या शैलीची आणि एक हाराजुकूच्या पोशाखाची प्रतिनिधी होती. ज्या पोशाखाला रस्त्यावर जागा उरत नव्हती, तोच परदेशांत राष्ट्राची ओळख म्हणून मिरविला जाऊ लागला. २०१७ मध्ये, छायाचित्र घ्यावे असे तरुण पुरेसे दिसत नाहीत या कारणाने आओकी यांनी ‘फ्रूट्स’ थांबविले. ‘केरा’ या नियतकालिकाची छापील आवृत्तीही त्याच वर्षी बंद झाली.

निष्कर्ष :
हाराजुकूत दुकाने कमी झाली म्हणून पोशाख विरळ झाला, असे म्हणता येत नाही. दुकाने तर वाढली. फुरसतीचा एक दिवस, फुकट मिळणारी जागा आणि पारखी नजरेचे सोबती या तीन गोष्टींवर ही हौस उभी होती. बाजाराने तिला साहित्य पुरविले आणि शासनाने प्रतिष्ठा दिली. परंतु त्या तीन गोष्टींची उणीव दोघांनाही भरून काढता आली नाही. म्हणून तरुणांच्या संस्कृतीचा इतिहास लिहिताना विक्रीच्या आकड्यांइतकेच रस्ता कोणासाठी मोकळा होता, याकडेही अभ्यासकांनी लक्ष देणे आवश्यक आहे. ‘फ्रूट्स’च्या पानांवरील त्या असंख्य तरुण-तरुणींनी इतिहासासाठी पोशाख केला नव्हता, पण घरी शिवलेल्या पिशवीची नोंद देऊन त्यांनी आपल्या काळाचा एक विश्वसनीय दस्तऐवज मागे ठेवला आहे.