चायनीजच्या गाडीआधी आलेला चिनी भात

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की नीरा नदीच्या अलीकडे सारोळे लागतं. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. अशा महामार्गावरच्या हॉटेलांची मेन्यूकार्डं आठवून बघा. पिठलं-भाकरी एका पानावर आणि मशरूम फ्राइड राइस दुसऱ्या पानावर. पहिलं ‘आपलं’ आणि दुसरं ‘चायनीज’, असं आपण सहज मानतो. हा हिशेब मात्र तितका सरळ नाही.

आधी भाज्या बघू. मिरची, ढोबळी मिरची आणि फरसबी या तिन्हींचं मूळ अमेरिका खंडात आहे. फरसबी हे नावच ‘फ्रेंच बीन’चं मराठी रूप. कोबी युरोपातून आला. म्हणजे पातळ चिरलेल्या या भाज्यांतलं फारसं काही चीनचं नाही, आणि मूळचं आपलंही नाही.

आता ‘चायनीज’. भारतातली चिनी वस्ती मुख्यतः कोलकात्यात वाढली, काही कुटुंबं मुंबईत स्थिरावली. १९६२च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबण्यात आलं. त्यांतले बरेच जण इथेच जन्मलेले होते. सुटल्यावर अनेकांनी देश सोडला. जे उरले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी हॉटेलं चालवली, आणि गिऱ्हाइकाच्या जिभेसाठी आलं, लसूण, हिरवी मिरची यांचा हात सैल सोडला. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५च्या सुमारास मुंबईत ‘मंचुरियन’ बनवल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. माणसांवर संशय घेणाऱ्या देशाने त्यांचं जेवण मात्र आवडीने खाल्लं. पुढे तेच जेवण गाड्यांवर आलं आणि गाड्यांवरून तालुक्याच्या गावी पोचलं.

पण चीनमधून आलेली एक गोष्ट चायनीजच्या गाड्यांआधीच आपल्या तांदळात शिरली होती.

भोरच्या पश्चिमेला आणि वेल्ह्यात (आताच्या राजगड तालुक्यात) पावसाचं पाणी भरपूर, म्हणून तिथे भात. इकडचा जुना मानाचा वाण आंबेमोहर. शिजताना आंब्याच्या मोहरासारखा वास सुटतो म्हणून हे नाव. पण त्याचं रोप उंच, वाऱ्या-पावसात लोळणारं, आणि उतारा कमी. सणाला वास पुरतो, वर्षभर घर चालवायला पोतीच लागतात.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली ‘आयआर-८’ हा बुटका, भरघोस पिकणारा वाण आणला. त्याचा एक पालक ‘पेटा’ इंडोनेशियातला. दुसरा ‘डी-जिओ-वू-जेन’, तैवानमधून घेतलेला बुटका चिनी वाण. त्या बुटकेपणामुळे खत घातलं तरी रोप लोळत नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांचा संकर झाला, आणि १९८७ साली त्यातून ‘इंद्रायणी’ आली. आज मावळ, मुळशी, भोरकडचा घरचा भात म्हटलं की पुष्कळांना इंद्रायणीच आठवते. तिचा वास मावळातला, तर ताठ कणा चिनी वाणाकडून आलेला.

गंमत अशी, की फ्राइड राइसला हॉटेलवाला इंद्रायणी वापरत नाही. ती मऊ, जराशी चिकट. कढईत तिचा गोळा होतो. त्याला मोकळा, लांब दाणा हवा. म्हणजे भातशेतीच्या तालुक्यात फ्राइड राइस खपतो, पण त्यातला तांदूळ बहुधा दुसरीकडून येतो. फोडणीच्या भाताची गोष्ट उलटी. तो रात्रीच्या उरलेल्या भाताचा, आणि गार झाल्यावर दाणा घट्ट होतो म्हणूनच जमतो. चीनमध्येही फ्राइड राइसची युक्ती हीच: शिळा भात, तापलेली कढई. दोन्ही घरांत अन्न वाया घालवायचं नाही, एवढंच कारण.

मशरूमचंही नातं याच शेताशी आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी ठराविक वाळवीशिवाय वाढत नाही, म्हणून तिची शेती जमलेली नाही. धिंगरी मात्र भाताच्या ओल्या पेंढ्यावर उत्तम येते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबीवर संशोधन चालतं. एकाच खाचरातून तांदूळही मिळतो आणि मशरूमचा बिछानाही.

मग घरी इंद्रायणीचाच करून बघा. भातात पाणी नेहमीपेक्षा कमी घाला आणि शिजला की ताटात पसरून गार करा. गार झाला की लगेच फ्रिजमध्ये. रात्रभर ओट्यावर ठेवू नका: शिजवूनही टिकणारे ‘बॅसिलस सिरियस’चे बीजाणू उबेत वाढून विष तयार करतात, आणि ते परतल्याने जात नाही. ब्रिटनमध्ये १९७१ साली हे लक्षात आलं ते हॉटेलांतल्या फ्राइड राइसमुळेच. दुसऱ्या दिवशी मशरूम मोठ्या आचेवर, मिठाशिवाय, पाणी आटेपर्यंत वेगळे परता. मग लसूण, भाज्या, हाताने मोकळा केलेला भात, शेवटी मीठ आणि थोडा सोया सॉस. कढई गच्च भरू नका, नाहीतर परतण्याऐवजी सगळं वाफवलं जाईल.

दाणे हॉटेलसारखे सुटे होणार नाहीत. पण आंबेमोहराकडून आलेला वास त्यात असेल, आणि तांदळाचे पैसे भोर-मावळच्या खाचरापर्यंत पोचतील. अस्सल काय आणि परकं काय, हा वाद जेवणानंतर करता येईल. तांदूळ कुणाच्या शेतातला घ्यायचा, हे मात्र आधीच ठरवावं लागतं.