कायद्याचें वय आणि मुलीचें वय

आपल्याकडे मुलींच्या विवाहवयाचा इतिहास बहुधा कायद्यांच्या अनुक्रमानें सांगितला जातो. १८९१ मध्यें संमतिवय दहावरून बारावर गेलें; १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीच्या विवाहास चौदा वर्षांची मर्यादा घातली; १९४९ मध्यें ती पंधरा व १९७८ मध्यें अठरा झाली. हा क्रम पाहून प्रगति अखंड होत आली, असें वाटूं लागतें. परंतु देवणीहून पाहिल्यास हाच इतिहास निराळा दिसतो.

उत्तम गोवंशासाठीं प्रसिद्ध असलेलें हें गांव, आज लातूर जिल्ह्यांत असलें, तरी पूर्वीं निजामाच्या राज्यांतील बिदर जिल्ह्यांत मोडे. सारडा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. रखमाबाईंचा खटला मुंबईस चालला, संमतिवयाचा वाद पुण्यास पेटला. येथील माजघरांत त्यांचा हुकूम चालत नव्हता. फुले दांपत्यानें पुण्यांत मुलींची शाळा १८४८ मध्यें काढली. निजामाच्या राज्यांत मात्र १९१८ मध्यें विद्यापीठ निघालें, तें उर्दू माध्यमाचें. १९४८ मध्यें निजामी संपली. १९५६ मध्यें हा प्रदेश मुंबई राज्यांत आला. पुण्यास शंभर वर्षें लागलेली वाट येथील कुटुंबांस एकदोन पिढ्यांत चालावी लागली.

ती वाट अद्याप संपलेली नाहीं, आणि तें केवळ येथेंच नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें २२ जणींचा विवाह अठरापूर्वीं झाला होता. याचें कारण बापाचें अज्ञान, असें म्हणून आपण सुशिक्षित मोकळे होतों. परंतु मराठवाड्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्या आईबापांनीं वयांत आलेली मुलगी सहा महिने कोणाच्या स्वाधीन करावी? पुढची शाळा दुसऱ्या गांवीं असेल, तर वाटेची धास्ती कोणीं घ्यावी? कायदा वर्षें मोजतो. बाप धोके मोजतो.

म्हणून अहिल्याबाई होळकरांच्या नांवें खेड्यांतील शाळकरी मुलींस मिळणारा एस. टी. चा मोफत पास मला एखाद्या कलमाइतकाच मोलाचा वाटतो. तो धोका थोडा कमी करतो. जेथें गाडी वेळेवर येते, वसतिगृहाचें दार उघडें असतें आणि दहावीनंतरचा वर्ग जवळ भरतो, तेथें मुलीस अठरा वर्षें पुरीं करण्यास अवकाश मिळतो. एरवीं तो आंकडा कागदावर राहतो, आणि सोळाव्या वर्षीं तिची वही मिटते.